टू बीएचकेची सापशिडी

डोंबिवलीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. घोडबंदर रोडवर एका प्रकल्पाचा सॅम्पल फ्लॅट बघितला, निघताना फॉर्मवर ईमेल लिहून दिला. संध्याकाळी आभाराचा मेल आला, दोन दिवसांनी फ्लोअर प्लॅन, पुढच्या आठवड्यात गृहकर्जाची माहिती. त्यातल्या हप्त्याच्या लिंकवर बोट पडलं आणि दुसऱ्या दिवशी सेल्सवाल्याचा फोन, ‘सर, लोनचं काही बघताय का?’ यांना कळतं कसं? एआय म्हणतात ते हेच का?

बहुतेक वेळा नाही. ते मेल आधीच लिहून ठेवलेले असतात. त्यांच्यामागे ‘असं झालं तर हे पाठव, नाहीतर ते’ अशा नियमांची सापशिडी असते. किंमत बघितली की शिडी, महिनाभर गप्प बसलात की साप. सापशिडीतली गंमत अशी की तुम्ही ४२व्या घरात कसे पोचलात याच्याशी पुढच्या चालीला काही देणंघेणं नसतं. (या खेळाला आपल्याकडे मोक्षपट म्हणत आणि परंपरेने त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना दिलं जातं. तिथे शेवटचं घर मोक्षाचं, इथे बुकिंगचं!)

पुढचं पाऊल फक्त आत्ताच्या घरावरून ठरतं, अशा साखळीचं गणित मांडलं ते आंद्रेई मार्कोव्ह या तिरसट रशियन माणसाने. नेक्रासोव्ह नावाच्या गणितज्ञाचं म्हणणं होतं की मोठ्या संख्यांचा नियम (नमुना वाढत जातो तशी सरासरी स्थिरावते) लागू पडायला घटना एकमेकींपासून स्वतंत्र असाव्या लागतात. त्यावरून त्याने थेट माणसाच्या इच्छास्वातंत्र्यापर्यंत उडी मारली. मार्कोव्हला हे सहन होईना. एकमेकींवर अवलंबून असलेल्या घटनांनाही तो नियम लागू पडतो हे त्याने सिद्ध केलं आणि १९१३ साली पुष्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’मधली पहिली २०,००० अक्षरं हाताने मोजून साखळीचं उदाहरणही दाखवलं. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याची शक्यता निघाली जेमतेम १३ टक्के, व्यंजनानंतर स्वर येण्याची ६६. कोणत्या टप्प्यावरचं गिऱ्हाईक पुढे सरकतं, कोणतं गळतं, हे आज याच गणिताने मोजता येतं. जाहिरातींत मात्र एआयचा डंका. मार्कोव्हचं नाव कोण घेतो?

आता ‘कळतं कसं’. लिंकचं सोपं आहे. प्रत्येकाच्या मेलमधली लिंक वेगळी असते, ती दाबली की आधी त्यांच्या सर्व्हरवर नोंद होते, मग पान उघडतं. मेल नुसता उघडल्याचं कळतं ते एका चित्रामुळे. एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच, पारदर्शक. डोळ्याला दिसतच नाही. ते मेलमध्ये नसतं, दूरच्या सर्व्हरवर असतं. तुमचा फोन ते मागायला जातो आणि तिकडे वेळेसकट नोंद पडते.

पण २०२१पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये अशी चित्रं आधीच, परस्पर उतरवून ठेवण्याची सोय आली. म्हणजे मेल न वाचताच ‘उघडला’ अशी नोंद. एका यंत्राने पाठवायचं, दुसऱ्याने उघडायचं आणि ओपन रेट वाढला म्हणून मीटिंगमध्ये टाळ्या! तरीही हे आकडे दाखवून सॉफ्टवेअर विकलं जातं. लिंक दाबणं, उलट उत्तर देणं, पुन्हा साईटवर येणं, एवढ्याच खुणा भरवशाच्या. वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखानदारानेही कोटेशननंतरचे फॉलोअप असे लावायला हरकत नाही. फक्त ‘उघडला’ या रकान्यावर धंद्याचे निर्णय घेऊ नयेत.

वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. जीमेलच्या सेटिंगमध्ये बाहेरची चित्रं विचारून दाखवण्याचा पर्याय निवडावा. आणि नको असलेला मेल नुसता डिलीट न करता अनसबस्क्राईब करावा. तरीही येत राहिला तर स्पॅम म्हणून कळवावा. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना गूगलने २०२४पासून एका क्लिकमध्ये बाहेर पडण्याची सोय सक्तीची केली आहे. तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत ठेवण्याची अटही आहे. हजारात तिघांनी तक्रार केली की पाठवणारा ती मर्यादा गाठतो.