कृत्रिम सांधा : यशाची कसोटी

सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेचे खरे मोल काही वर्षे लोटल्यावरच कळते. इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी खुब्यासाठी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. वेदना थांबल्या, रुग्ण चालू लागले. परंतु थोड्याच वर्षांत वाटी झिजली आणि तिच्या कणांनी भोवतालच्या ऊतींना इजा केली. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी अधिक टिकाऊ पॉलिएथिलीन स्वीकारले. आजचा खुबेबदल त्याच पायावर उभा आहे.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संकलित अभ्यासानुसार २५ वर्षांनंतरही सुमारे ८२ टक्के गुडघे व ५८ टक्के खुबे टिकून असतात. सांधा टिकला म्हणजे वेदना शमलीच, असे मात्र नाही; गुडघा बदललेल्यांपैकी साधारणपणे पाचांतील एकाचे समाधान होत नाही. जंतुसंसर्ग, शिरेतील रक्ताची गुठळी, सांधा निखळणे वा सैल होणे या गुंतागुंती थोड्यांनाच होतात. पण खोलवर संसर्ग झाल्यास बसविलेला सांधा काढावाही लागतो. पन्नाशीतील रुग्णाला पुढे दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता वृद्धापेक्षा अधिक.

म्हणून, श्रोतेहो, ‘दुखणे थांबेल ना?’ एवढेच विचारून थांबू नये. किती काळासाठी आणि कोणत्या जोखमीवर, हेही शल्यविशारदास निःसंकोच विचारावे.