सुरतेतील झाडलोटीचे अर्थकारण

सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या वार्तेने लाखो माणसे सुरत सोडून निघाली, तेव्हा यंत्रमाग मुके झाले, हिऱ्यांना पैलू पाडणारी चाके थांबली आणि उधना-लिंबायतेतील खानदेशी कामगारांनी तापीकाठची भुसावळकडे जाणारी गाडी धरली. मे १९९५ मध्ये महापालिका आयुक्त झालेल्या एस. आर. राव यांनी शहराचे सहा विभाग पाडून विभागीय अंमलदारांच्या हाती अधिकार व निधी सोपवला. रात्रीची झाडलोट, गटारे, झोपडपट्ट्यांतील फरसबंदी व शौचालये यांवर खजिना खुला केला, आणि १९९६ मध्ये सुरत देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर गणले गेले. धरणे-रस्त्यांवरील भांडवली खर्चाने आर्थिक वृद्धीला चालना मिळते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु सुरतेचा हा अनुभव पाहता, जमाखर्चात महसुली खर्च म्हणून नोंदले जाणारे सफाई कामगाराचे वेतनही, माझ्या मते, तितकेच उत्पादक होय.