गाणं निवडतं कोण?

ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपातल्या मोजक्या देशांत स्पॉटिफाय सुरू झालं, तेव्हा त्याच्या पडद्यावर फारसं काहीच नव्हतं. डावीकडे आपण स्वतः केलेल्या प्लेलिस्ट, वर शोधायची चौकट, खाली वाजवायची-थांबवायची बटणं. काय ऐकायचं हे आधीच ठाऊक असलेल्या माणसासाठी ते बनवलेलं होतं. आज तेच अॅप उघडलं की आपण एक अक्षरही टाइप करण्याआधी गाणी, पॉडकास्ट, व्हिडिओ यांची रांग समोर लागलेली असते. मधल्या काळात गाण्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली, दर बदलले, रंगरूप बदललं. पण माझ्या मते खरा बदल एकच आहे: निवड हळूहळू ऐकणाऱ्याच्या हातून सेवेच्या हाती गेली.

ही सेवा स्वीडनमध्येच का जन्मली हे आधी पाहायला हवं. गाणं फुकट मिळू शकतं हे १९९९ मध्ये आलेल्या नॅपस्टरने एका अख्ख्या पिढीला शिकवलं. अमेरिकी न्यायालयांच्या आदेशांमुळे २००१ मध्ये ते बंद पडलं, पण लागलेली सवय सुटली नाही. स्वीडनमध्ये वेगवान इंटरनेट घरोघरी पोचलं होतं आणि ‘द पायरेट बे’ हे चोरीच्या फायलींचं संकेतस्थळ २००३ पासून तिथूनच चालत होतं. अशा वातावरणात डॅनियल एक आणि मार्टिन लोरेंट्झोन यांनी २००६ मध्ये स्टॉकहोमला कंपनी काढली. नुसत्या कायद्याने चोरी थांबणार नाही, चोरीपेक्षा सोयीचं काही दिलं तरच लोक वळतील, हा त्यांचा हिशेब होता.

सोयीचं म्हणजे बटण दाबताक्षणी वाजणारं. त्यासाठी म्यूटोरंट हा फायली वाटून घ्यायचा गाजलेला प्रोग्राम लिहिणारा लुडविग स्ट्रिगेउस कंपनीत आला आणि चोरीच्या गाण्यांसाठी वापरलं जाणारं तंत्र कायदेशीर गाण्यांसाठी राबवलं गेलं. गाण्याची सुरुवात कंपनीच्या सर्व्हरवरून यायची. पुढचा भाग तेच गाणं आधी ऐकलेल्या इतर लोकांच्या संगणकांवरून तुकड्या-तुकड्यांनी गोळा व्हायचा. स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये मोजणी प्रसिद्ध केली. गाणं वाजायला साधारण पाव सेकंद लागत होता आणि वाजलेल्या संगीतातला जेमतेम ८.८ टक्के भाग कंपनीच्या सर्व्हरवरून येत होता. उरलेलं ऐकणाऱ्यांच्याच संगणकांत साठलेलं असे किंवा ते एकमेकांना पुरवत. म्हणजे त्या काळात निवड ऐकणाऱ्याची होती आणि वाहतूकही बरीचशी त्याचीच. २०१४ मध्ये ही व्यवस्था मोडीत काढली गेली. तोवर सर्व्हर स्वस्त झाले होते आणि ऐकणारा संगणकावरून उठून फोनकडे गेला होता.

फोनने पुष्कळ काही बदललं. सुरुवातीला फोनवर फक्त पैसे भरणाऱ्यांनाच गाणी मिळत. डिसेंबर २०१३ पासून ती फुकटातही मिळू लागली, पण शफलच्या अटीवर. कलाकार तुम्ही निवडा, अल्बम तुम्ही निवडा. क्रम मात्र यंत्राचा. भारतात फुकट ऐकणाऱ्यांना बरीच मोकळीक होती, तीही ऑक्टोबर २०२३ मध्ये आवळली गेली. हव्या त्या क्रमाने गाणी लावणं, मागे नेणं, पुन्हा वाजवणं यासाठी पैसे भरावे लागू लागले. पॉप गाण्यांच्या संग्रहाला यामुळे फारसा धक्का बसत नाही. पण ‘गीतरामायण’ शफलवर लावून पाहा. १९५५ च्या रामनवमीपासून आकाशवाणीच्या पुणे केंद्राने आठवड्याला एक याप्रमाणे गदिमा आणि बाबूजींची ती ५६ गीतं ऐकवली. लोक पुढच्या गीताची आठवडाभर वाट पाहत. त्यात सेतू बांधून झाल्यावर स्वयंवर येणार असेल, तर गाणी सगळी असूनही रामायण हरवलेलं असतं. क्रम हा तिथे रचनेचाच भाग आहे, आणि सेवेच्या दृष्टीने ती पैसे भरून घ्यायची जादा सोय ठरली. मला हे फार खटकतं.

निवडीचं खरं हस्तांतर मात्र २०१३ ते २०१५ या काळात झालं. आधी स्पॉटिफायने प्लेलिस्ट सुचवणारी ट्यूनिगो ही कंपनी विकत घेतली, मग मार्च २०१४ मध्ये ‘द इको नेस्ट’. ही दुसरी कंपनी एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या दोन संशोधकांनी काढलेली. गाण्याचा वेग, पट्टी, ताल संगणकाने मोजायचा आणि त्या गाण्याबद्दल लोक काय लिहितात तेही वाचायचं, हा तिचा उद्योग. जुलै २०१५ मध्ये ‘डिस्कव्हर वीकली’ आलं. दर सोमवारी प्रत्येकासाठी तीस गाण्यांची वेगळी यादी. तिच्यामागचं मुख्य सूत्र साधं होतं. लोकांनी आपापल्या प्लेलिस्टमध्ये जी गाणी शेजारी-शेजारी ठेवली आहेत, त्यांचं नातं धरायचं, आणि तुमच्याकडे त्या जोडीतलं एकच असेल तर दुसरं पुढे करायचं. कोट्यवधी माणसांच्या आवडीनिवडीतून हे घडत असल्यामुळे ते चांगलं निघालं, आणि तसं मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. मालीचा कोरावादक किंवा पोर्तुगालची फादो गायिका माझ्यासारख्याच्या घरी पोचली ती या वाटेने. दुकानातून ती कधी आली नसती.

पण याच सूत्रात मराठीचं दुखणं आहे. शेजार मोजायला आधी वस्ती लागते. ‘झिंगाट’ असंख्य याद्यांत आहे, त्यामुळे त्याला शेजारी भरपूर. एखादं आडबाजूचं नाट्यपद किंवा जुनी लावणी थोड्या लोकांनी यादीत घेतलेली असते, म्हणून ती कमी सुचवली जाते, आणि कमी सुचवली जाते म्हणून आणखी कमी याद्यांत शिरते. जे आधीच लोकप्रिय आहे त्याचीच फेरी पुन्हा पुन्हा येते.

पैशाच्या वाटपाचंही असंच आहे. गाणं तीस सेकंद वाजलं की एक वेळा ऐकलं गेलं असं धरतात. जमा रकमेतून एकूण ऐकण्यातल्या वाट्याप्रमाणे हक्कदारांना पैसे जातात, आणि २०२४ पासून वर्षात हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला त्या वाटपातून काहीच मिळत नाही. पाऊण तासाचा यमन आणि दोन मिनिटांचं गाणं या हिशेबात सारखेच. तीन मिनिटांच्या तबकडीने आपल्या गवयांना ख्याल आटोपशीर करायला लावला होता. पुढे एलपीने त्यांना ऐसपैस जागा दिली. स्ट्रीमिंगला जागेची अडचण मुळीच नाही, तरी त्याचा हिशेब आखूड गाण्याच्याच बाजूचा आहे.

भारतात स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं, तेही मुंबई उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढत. वॉर्नर या संगीत कंपनीशी परवान्यावरून वाद होता आणि आकाशवाणीसारख्या प्रसारकांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-डीनुसार मिळणारा परवाना आपल्यालाही लागू आहे, असं स्पॉटिफायचं म्हणणं होतं. त्याच एप्रिलमध्ये टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक ही गाण्यांची सेवा या खटल्यात त्याच न्यायालयाने इंटरनेटवरच्या सेवांना हे कलम लागू नाही असा निकाल दिला. आपल्या यादीतली गाणी करार असेपर्यंतच आपली, हे तेव्हापासून पक्कं झालं. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकशी करार न जमल्याने त्या कंपनीची गाणी स्पॉटिफायवरून गेली. ‘सैराट’चं संगीत याच कंपनीकडचं. बायकोने हौसेने जमवलेल्या यादीत गाणी एकेक करून करडी पडलेली आम्ही तेव्हा पाहिली. कॅसेटची फीत निदान गुंतताना तरी दिसायची. २०२४ मध्ये रेसो आणि विंक या सेवाच बंद झाल्या.

अॅपचे पुढचे टप्पे एकामागून एक आले. २०१९ पासून पॉडकास्टवर मोठा भर, २०२३ मध्ये बोटाने वर सरकवत राहायचे उभे व्हिडिओ, आणि २०२१ मध्ये जाहीर झालेला उच्च दर्जाचा आवाज अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये. यात एक छोटी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पॉटिफायने गीतकार आणि निर्माते यांची नावं दाखवायला सुरुवात केली, तीही मेनूत शिरल्यावरच. नावाची ही गरज जुनी आहे. १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान तबकडीसाठी गायल्या तेव्हा गाणं संपताना त्यांनी स्वतःचं नाव मोठ्याने उच्चारलं, कारण तबकडी जर्मनीत छापणाऱ्यांना लेबलवर काय घालायचं ते कळावं. आपल्याकडे भावगीत ओळखलं जातं ते कवी, संगीतकार आणि गायक अशा तिघांच्या नावांनी. रेडिओचे निवेदक तिन्ही नावं घेतल्याशिवाय गाणं लावत नसत.

आता त्या नावांना नवं काम लागलं आहे. वर्षभरात साडेसात कोटींहून जास्त स्पॅम स्वरूपाची गाणी काढून टाकल्याचं स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं, आणि गाण्यातला कोणता भाग एआयने केला हे श्रेयनामावलीत नोंदवायची व्यवस्थाही जाहीर केली. ही नोंद गाणं पाठवणाऱ्यानेच करायची आहे. जुन्या मराठी ध्वनिमुद्रणांचंही तसंच: कवीचं नाव नसेल तिथली रिकामी जागा भरायची ती ते ध्वनिमुद्रण ज्यांच्या मालकीचं आहे त्या कंपन्यांनी, आणि ती भरून घ्यायला त्यांच्या मागे लागायचं काम आपलं, ऐकणाऱ्यांचं आहे.