आधी हात, मग एआय

आठवीच्या वर्गात वारली चित्रकला शिकवताना सुरुवातीला मी संगणक बंदच ठेवते. मुलं वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांचे छापील नमुने जवळून न्याहाळतात. टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, एकमेकांना धरून गोल वळत गेलेली नाचणाऱ्यांची रांग आणि मध्यभागी तारपा वाजवणारा. मग गेरूने रंगवलेल्या कागदावर, टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीने, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात तीच रांग काढायची. वळणावर माणसं एकमेकांवर चढतात. मुलं नवा कागद घेतात.

एवढं झाल्यावर मी माझ्या खात्यावरून एआयला तारपा नृत्याचं चित्र मागते. मुलांना स्वतंत्र खाती काढून देत नाही, कारण बहुतेक साधनांना वयाची अट असते. त्यांची चित्रं किंवा फोटोही त्यात टाकत नाही.

पडद्यावर गुळगुळीत चित्र उमटतं आणि वर्ग चुका शोधू लागतो. नाचणाऱ्यांना नाक-डोळे आलेत. पायाखाली सावल्या पडल्यात. एकाचा हात कुणालाच धरत नाही. भोपळ्याचा फुगीर तारपा सरळसोट बासरी झालाय. ज्यांनी स्वतः रांग वळवली, त्यांनाच हे चटकन दिसतं.

मग मी कारण सांगते. ही साधनं इंटरनेटवरच्या कोट्यवधी चित्रांवर आणि त्यांच्या वर्णनांवर शिकवलेली असतात. बरीचशी साधनं विस्कटलेल्या ठिपक्यांपासून सुरुवात करून, मागणीला जुळेल असं चित्र टप्प्याटप्प्याने साफ करत आणतात. वारलीची घडण त्यांनी हाताने अनुभवलेली नसते, आणि ज्यांची चित्रं वापरली त्या बहुतेक चित्रकारांना कुणी विचारलेलंही नसतं.

लग्नाचा देवचौक मात्र आम्ही एआयकडे मागत नाही. त्यात पालघाट देवी असते आणि तो सवाशिणी लग्नघराच्या भिंतीवर विधी म्हणून काढतात.

शेवटी प्रत्येक जण वहीत लिहितो: काय मागितलं, काय आलं, त्यातलं काय घेतलं, काय टाकलं आणि का. गुण कच्च्या रेखाटनांना आणि या नोंदींना असतात. एआयचं चित्र फलकावर लावलं, तर खाली तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

कलाशिक्षकांना माझी विनंती आहे: एआय वर्गात जरूर आणा, पण मुलांचा हात आणि नजर तयार झाल्यावर. त्याच्या चुका पकडता येऊ लागल्या, की मगच त्या साधनाला मुलांच्या कामात जागा द्यावी.