धरणाकाठची सतार

खडकवासल्यास ज्याने हौसेखातर एखादे तंतुवाद्य हाती धरले, त्याला गुरूची गाठ पडण्यापूर्वी हवेशी व्यवहार करावा लागतो. 1961 च्या जुलैत फुटून पुन्हा उभ्या राहिलेल्या धरणाचा जलाशय एका अंगास, सिंहगडाच्या डोंगरावरून उतरणारा पाऊस दुसऱ्या अंगास, आणि मध्ये पाटबंधारे खाते, जलसंशोधनाची जुनी संस्था व संरक्षण प्रबोधिनी यांच्या वसाहती, अशा या मुलखात आषाढ लागला की सतारीच्या खुंट्या फुगून छिद्रांत रुततात, पोलादी तारांवर गंज चढतो, सरोदाचे चामडे सैल पडून त्याचा आवाज बसतो. आणि जी खुंटी आषाढात हलता हलत नव्हती, तीच वैशाखात आकसून खडूची पूड लावल्याखेरीज जागेवर टिकत नाही. नवशिक्यास हा जाच वाटतो. माझ्या मते तोच त्याचा पहिला पाठ होय. कारण वाद्य सुरात लावता येणे ही निम्मी वादनविद्या आहे, आणि हौशी मंडळी नेमकी तीच टाळू पाहतात.

सतार लावणे म्हणजे काय, हे एकदा जवळ बसून पाहावे. बाजाची तार मध्यमात आणि जोडीची षड्जात मिळवून झाली, की पडद्यांखालून गेलेल्या अकरा ते तेरा तरफेच्या तारा, जो राग वाजवावयाचा असेल त्याच्या स्वरांत, एकेक करून बसवाव्या लागतात. तरफ जुळली किंवा नाही याचा निवाडा मोबाइलमधील सुईकडे सोपवू नये. वरच्या तारेवर गंधार छेडावा, आणि गंधाराची तरफ कोणी स्पर्श न करता आपण होऊन झंकारली, म्हणजे ती मुक्रर झाली असे समजावे. उरलीसुरली कसर बाजाच्या तारेत ओवलेला मणी केसभर सरकवून काढतात. या खटाटोपात पहिल्या दिवसांत तास निघून जातो, आणि वाजविणे राहूनच जाते. पण कान तयार होतो तो याच तासात.

ही वाद्ये येतात बहुधा मिरजेहून. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी वाद्ये घडविण्याच्या कामात हात घातला, आणि शस्त्रांची मागणी ओसरत चाललेल्या त्या काळात एका कसबी घराण्याचे हात दुसऱ्या कसबाकडे वळले. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा सरकारदरबारी एवढा विलंब का लागला, हा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. भीमाकाठी, सोलापूर जिल्ह्यात पिकविलेला कडू भोपळा, तुणीचे लाकूड आणि लाखेचे रोगण हे जिन्नस एकत्र आले तरी वाद्य बोलू लागत नाही. ते बोलते जवारीने. म्हणजे घोडीचा रुंद, किंचित बाकदार माथा कानसेने असा घासावा लागतो, की तार तेथे नुसती टेकत नाही, तर कंप पावताना त्याला निसटता स्पर्श करीत राहते. तार जेथे छेडली तेथे ज्या उपस्वराचा निःस्पंद बिंदू असेल तो उपस्वर उमटूच नये, हा युरोपीय ध्वनिशास्त्राचा दंडक. तो तंबोऱ्याच्या व वीणेच्या बाबतीत मोडतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली निबंध लिहून दाखविले. कानसवाल्यास मात्र ते हाताने आधीच ठाऊक होते.

शिकावयाचे कोणाकडे, ही अडचण पुण्याच्या शेजाऱ्यास नसावी. बीनकार बंदे अली खाँ 1895 साली याच शहरी निवर्तले. त्यांचे शिष्य रहिमत खाँ धारवाडास राहिले, आणि रहिमत खाँ यांचे नातू उस्मान खाँ यांनी पुण्यात सतारीची तालीम चालविली. भास्करबुवा बखल्यांचा भारत गायन समाज 1911 पासूनचा. परीक्षांचा शिरस्ता अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने प्रारंभिकपासून अलंकारापर्यंत घालून दिलेला आहेच. शाळकरी मुलास त्याने शिस्त लागते. परंतु निवृत्तीवेतन सुरू झाल्यावर सतार घेणाऱ्याने प्रमाणपत्रांचा नाद धरावा, असे मला मुळीच वाटत नाही. त्याला वेळेची कमतरता नसते. आणि डाव्या पायाच्या तळव्यावर भोपळा टेकवून बसण्याची गुडघ्यांची तयारी असली, तर्जनीस तारेचे घट्टे पडेपर्यंत खोबरेल लावीत कळ सोसण्याची चिकाटी असली, म्हणजे वय फारसे आड येत नाही.

ज्या वाचकाच्या मनात ही हौस असेल, त्याने पाऊस सरल्यावर स्वतः मिरजेस जावे, सजावटीवर पैसा न घालविता साधी सतार पसंत करावी, जवारी आपल्यासमोर करवून घ्यावी, आणि घरी आल्यावर गत वाजविण्याची घाई न करता पहिली दिवाळी वाद्य लावण्यातच घालवावी.