चाक ओढावं की ठोकावं?



मागच्या व्याख्यानात आपण साधन आणि साध्य यांच्या संबंधाविषयी बोललो. त्यावर एका श्रोत्यांनी प्रश्न पाठवला आहे. ते म्हणतात, ‘‘सर, साधनाची निवड ही नैतिक बाब असते असं तुम्ही सांगता. पण पाना, पक्कड, हातोडा यांत कसली आली नीती? काम झालं म्हणजे झालं.’’ प्रश्न चोख आहे. त्याचं उत्तर आज आम्ही ग्रंथातून सुरू न करता गॅरेजमधून सुरू करणार आहोत.

उदाहरण घेऊ फोर्डच्या ‘मॉडेल टी’चं. 1908 ते 1927 या काळात अमेरिकेत ही गाडी बनत होती आणि तिचा आकडा दीड कोटीवर गेला. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना ती बहुतेक कॅनडाच्या फोर्ड कंपनीकडून, उजव्या हाताला स्टिअरिंग असलेली अशी मिळे. आपल्याकडे आजही कुणाच्या वाड्यात, कुणाच्या शेडमध्ये ती जपलेली दिसते. या गाडीचं मागचं चाक काढायचं आहे. कसं काढाल?

आजच्या मोटारीचे चार-पाच नट सोडले की चाक हातात येतं. मॉडेल टीचं तसं नाही. तिच्या लाकडी आऱ्या ज्या लोखंडी तुंब्यात बसवलेल्या असतात, तो हब थेट अ‍ॅक्सलच्या टोकावर बसतो. हे टोक बाहेरच्या बाजूला निमुळतं होत जातं आणि हबचं भोकही तसंच निमुळतं असतं. दोघांच्या मध्ये एक छोटी लोखंडी चावी असते. बाहेरून मोठा नट आवळला की हब त्या निमुळत्या टोकावर चढतो आणि घट्ट बसतो.

आता हा नट काढला, तरी हब सुटत नाही. का? घरातलंच उदाहरण घ्या. स्टीलचे दोन पेले एकात एक अडकून बसतात. त्यांना ना नट असतो, ना स्क्रू. पण उतार अगदी थोडा असल्यामुळे घर्षण त्यांना सुटू देत नाही. हबचं हेच होतं, फक्त तिथे ऐंशी-नव्वद वर्षांचा गंजही मदतीला असतो. खरं तर हे घट्ट बसणं हाच त्या रचनेचा गुण आहे. गाडीचा जोर मुख्यतः या घर्षणातून चाकाला मिळतो. हब सैल राहिला तर सगळा भार त्या बिचाऱ्या चावीवर येतो, तिची खाच झिजते आणि पुढे अ‍ॅक्सल तिथूनच मोडू शकतो.

तर असा हा हब काढायला साधारण तीन हत्यारं पुढे येतात.

पहिलं, कुठल्याही गॅरेजमध्ये सापडणारा तीन पायांचा पुलर. त्याचे पाय ड्रमच्या मागे अडकवायचे आणि मधला स्क्रू फिरवायचा. बेअरिंग किंवा पुली काढायला हे हत्यार उत्तम. पण इथे त्याचे पाय ड्रमच्या काठावर जोर देतात. अडकलेला असतो हब, आणि ओढला जातो ड्रम. हब हलायच्या आधी ड्रम वाकतो, आऱ्यांवरही नको तो ताण येतो.

दुसरं, ठोक्याचं हत्यार. ‘नॉक-ऑफ’ म्हणतात त्याला. हा एका बाजूने बंद असलेला जाड नट असतो. तो अ‍ॅक्सलच्या टोकावरच्या आट्यांवर चढवायचा, चाक बाहेरच्या दिशेला ताणून धरायचं आणि नटाच्या डोक्यावर घण मारायचा. स्वस्त, सुटसुटीत आणि झटपट.

तिसरं, हबवर चढणारा पुलर. हबच्या बाहेरच्या तोंडाला आटे असतात. एरवी त्यांवर हबकॅप बसते. कॅप काढून त्याच आट्यांवर हा पुलर पूर्ण चढवायचा. त्याच्या मधला बोल्ट अ‍ॅक्सलच्या टोकाला टेकतो. बोल्ट आवळत गेलं की हब बाहेर ओढला जातो. काही पुलरना एका बाजूला चीर आणि ती आवळायला बोल्ट असतो, त्यामुळे थोड्या झिजलेल्या आट्यांवरही पकड बसते.

आता व्याकरणाकडे येऊ. ‘पुलरने चाक काढलं’ आणि ‘हातोड्याने चाक काढलं’. दोन्हीकडे तृतीया विभक्ती, दोन्हीकडे तोच ‘ने’. व्याकरणाला दोन्ही सारखीच करणं. पाणिनीने करण ओळखण्यासाठी ‘साधकतम’ हा शब्द वापरला: क्रिया सिद्धीला नेणाऱ्यांमध्ये जे सर्वांत अधिक साधक, ते करण. पण सर्वांत अधिक साधक म्हणजे सर्वांत जलद का? इथे नैयायिक आपल्या मदतीला येतात. ते म्हणतात, करण आणि फल यांच्या मध्ये एक ‘व्यापार’ असतो. कुऱ्हाड हे करण, झाड तुटणं हे फल, आणि कुऱ्हाडीचा झाडाशी होणारा संयोग हा व्यापार. करणाने जन्माला घातलेला आणि पुढे फलाला जन्म देणारा, असा हा मधला दुवा.

आमचं म्हणणं एवढंच आहे, की हत्यार निवडताना आपण फल पाहतो आणि व्यापार पाहत नाही.

हबवरच्या पुलरचा व्यापार पाहा. तो हबला जितक्या जोराने बाहेर ओढतो, तितक्याच जोराने बोल्ट अ‍ॅक्सलच्या टोकाला आत दाबतो. दोन्ही जोर त्या निमुळत्या सांध्यातच समोरासमोर येतात आणि तिथेच मिटतात. भांडण ज्यांचं त्यांच्यातच राहतं. ठोक्याचं तसं नाही. घणाचा धक्का सांध्यात थांबत नाही. तो अ‍ॅक्सलमधून आत जातो, थेट डिफरन्शियलपर्यंत. तिथे मूळ बनावटीत बॅबिट नावाच्या मऊ मिश्रधातूचे जाड वॉशर असतात. ते दातेरी चक्रांना जागेवर धरून ठेवतात. भांडण दारात, आणि मार खातो माजघरातला.

बरं, तो वॉशर मोडला तर काय? मॉडेल टीचा पायाचा ब्रेक चाकांवर नसतो, गिअरच्या पेटीत असतो. तो मधल्या शाफ्टमधून मागच्या चाकांना अडवतो. वॉशरचा भुगा झाला की दातेरी चक्रं एकमेकांपासून सरकतात, आणि मग पायाचा ब्रेक नुसताच दाबला जातो. म्हणून आज जाणकार मालक तिथे काशाचे वॉशर बसवून घेतात.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. पंधराएक वर्षांपूर्वी साताऱ्याच्या आमच्या एका स्नेह्यांकडे त्यांच्या आजोबांची मॉडेल टी होती. मागच्या नळीतून तेल गळून हातब्रेकच्या पट्ट्या भिजत होत्या, म्हणून चाकं काढायची होती. हबवरचा पुलर जवळ नव्हता. लेथवाल्याने करून द्यायला तीन आठवडे मागितले. घरात लग्न आलेलं, वरात त्या गाडीतून निघायची. मिस्त्रींकडे ठोक्याचं हत्यार होतं, पण ते स्वतःच कचरत होते. ‘‘सर, थांबूया का?’’ असं त्यांनी आम्हालाच विचारलं. आम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. आम्ही म्हणालो, ‘‘मारा हो, लोखंडच आहे.’’ चार घावांत चाक सुटलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

चार महिन्यांनी यवतेश्वरचा घाट उतरताना पायाचा ब्रेक गेला. स्नेह्यांनी हातब्रेक खेचला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीला लावून थांबवली. आम्ही शेजारीच बसलो होतो. ज्या पट्ट्या साफ करण्यासाठी चाकं काढली होती, त्यांनीच आम्हाला वाचवलं. पुढे डिफरन्शियल उघडलं तर वॉशरचे तुकडे हाती आले.

तुमच्यातले तर्कशास्त्राचे विद्यार्थी लगेच म्हणतील, ‘‘सर, हा काकतालीय न्याय झाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली.’’ मान्य आहे. बॅबिटचा जुना वॉशर ठोक्याशिवायही झिजतो, फुटतो. आमच्या चार घावांनीच तो गेला, हे आम्हाला सिद्ध करता येणार नाही. पण घावांनी नाही गेला, हेही नाही. मित्रहो, आमच्या मते नैतिक प्रश्न नेमका इथे आहे. पुलर वापरला असता, तर हा संशयच उरला नसता. आपला जोर कुठे जाऊन थांबणार हे ठाऊक नसताना तो लावायचा, आणि किंमत मात्र आत बसलेल्यांनी मोजायची, याला आम्ही बेजबाबदारी म्हणतो. आणि ती त्या दिवशी मिस्त्रींची नव्हती, आमची होती.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांच्यासाठी क्रम सांगून ठेवतो. गाडी सपाट जमिनीवर घ्या, बाकीच्या चाकांना ओट लावा, जॅकवर भरवसा न ठेवता खाली भक्कम स्टँड द्या. हातब्रेक सोडा, नाहीतर ड्रम पट्ट्यांवरच अडकून राहील. कॉटर पिन काढा. नट दोन-तीन आटे सैल करा, पण पूर्ण काढू नका. हब एकदम सुटला तर तोच त्याला अडवतो. हबचे आटे तारेच्या ब्रशने साफ करा. पुलर शेवटच्या आट्यापर्यंत चढवा, अर्धवट चढवलेला पुलर आटे सोलून काढतो. बोल्ट आवळा, थांबा, पुन्हा थोडा आवळा. नाही सुटला तर गंज सोडवणारं तेल सोडा आणि ताण तसाच ठेवून रात्रभर जाऊ द्या. पुष्कळदा सकाळी हब आपोआप सुटलेला असतो. अडकलेल्या पेल्यांना आपण गरम पाणी लावतो, पण इथे ज्योत लावू नका. जवळच लाकडाच्या आऱ्या आहेत. परत बसवताना निमुळतं टोक कोरडं आणि स्वच्छ ठेवा, ग्रीस नको. नट नीट आवळा, थोडी गाडी चालवून पुन्हा एकदा तपासा आणि मगच पिन घाला.

आता त्या श्रोत्यांचं उत्तर. पान्यात नीती नसते, हे खरं. पण पाना उचलण्याआधी एक प्रश्न विचारता येतो: या हत्याराचा जोर काम झाल्यावर कुठे जाणार, आणि तो कोण सोसणार? हा प्रश्न विचारायला मिनिटभर लागतं. आम्ही त्या दिवशी तीन आठवडे वाचवले, ते मिनिट मात्र दिलं नाही.

साताऱ्याच्या त्या मिस्त्रींनी पुढे लेथवाल्याकडून पुलर करून घेतला. तो आता त्यांच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो. आम्ही गेलो की ते त्याच्याकडे बोट दाखवतात आणि काही बोलत नाहीत. आम्हीही बोलत नाही.

प्रश्न असतील तर जरूर पाठवा.