म्युझिक स्ट्रीमर : जोडण्याआधी

स्ट्रीमर म्हणजे इंटरनेटवरचे किंवा घरच्या हार्ड डिस्कवरचे संगीत हाय-फाय संचापर्यंत आणणारे यंत्र.

• प्रकार तीन. ट्रान्सपोर्ट फक्त डिजिटल सिग्नल देतो. त्याला वेगळा डॅक, म्हणजे डिजिटलचे अ‍ॅनालॉग करणारा भाग, लागतो. डॅक आतच असलेला स्ट्रीमर आरसीए केबलने जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये थेट जोडता येतो. ‘फोनो’मध्ये जोडू नये, ती जागा टर्नटेबलची. तिसऱ्यात अ‍ॅम्प्लिफायरही आतच.

• दर्जा. सीडी (१९८२) : १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, सेकंदाला १,४११ किलोबिट. एमपी३ : बहुधा ३२० किलोबिटपर्यंत. फ्लॅक (२००१) फाइल लहान करते, पण आवाजातले काही गाळत नाही.

• ब्लूटूथ. आवाज सहसा पुन्हा कॉम्प्रेस होतो. स्पॉटिफाय कनेक्टसारख्या सोयीत फोन केवळ रिमोट; गाणे स्ट्रीमर स्वतः वाय-फाय किंवा लॅन केबलवरून घेतो.

• गॅपलेस. दोन ट्रॅकमध्ये खंड न पडणे. ही सोय नसेल आणि सलग मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असतील, तर सम येण्याआधीच आवाज तुटू शकतो. जाहिरातीत याचा उल्लेख क्वचितच. तपशीलपत्रात पाहावे लागते.